दोन वळसे कडेनं, एक मधून

ऑर्फा कटलिपच्या हाताखाली शिकलेलं पोर आमच्या लॉरेल खोऱ्यात कुठंही ओळखू येतं. ते चुलीवर काही ठेवून दुसऱ्या खोलीत जात नाही. माझे दोन्ही मुलगे आता चांगले बापे झालेत. एक खाणीत आहे, दुसरा ट्रक चालवतो. पण साधं अंडं उकडायला ठेवलं तरी भांड्यासमोर पहारा देत उभे राहतात. सुना हसतात. मी हसत नाही, कारण मीही तशीच उभी राहते.

ऑर्फा तशी कुणाचीच मावशी नव्हती. बर्ल नावाचा एक धाकटा भाऊ तेवढा होता, आणि तोही तिच्यासारखाच बिनलग्नाचा. तरी सगळं खोरं तिला मावशी म्हणायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला. शाळेनं निरोप समारंभ करून तिला घरी पाठवलं, तर बाई घरी बसायच्याऐवजी चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर ताब्यात घेऊन मोकळी झाली. पाद्र्याला विचारलं होतं की नाही, त्याचं त्यालाच माहीत. दर शनिवारी सकाळी पोरं तिथं जायची. पायात पुरुषी बूट, पांढरे केस मागं करकचून बांधलेले, तोंडानं फटकळ. तिला घाबरत नाही असं पोर मी पाहिलं नाही, आणि शनिवार चुकवणारंही पाहिलं नाही.

पाककृती म्हणाल तर तिनं फारशा शिकवल्या नाहीत. तिच्याकडं एकच धडा होता. तोच ती बिस्किटांतून, घेवड्याच्या आमटीतून, मुरवलेल्या काकडीतून पुन्हा पुन्हा चारायची. हातात घेतलं की संपेपर्यंत ते तुझं. ज्यानं बिस्किटं भट्टीत सरकवली त्यानं ती बाहेर येईपर्यंत भट्टीसमोरून हलायचं नाही. करपली तर ती त्यानंच खायची, आणि तोंड वाकडं न करता.

माझा धाकटा एकदा पीठ मळता मळता पाय आवळून उभा राहिला.

"मावशी, मला जायचंय."

"पिठात हात घालायच्या आधी जायचं होतंस."

"तेव्हा आली नव्हती!"

"बरं, जा. पण तुझ्या जागी कुणाला तरी उभं कर. त्याचा हात पिठावर पडू दे, तो 'घेतलं' म्हणू दे, मगच तू 'सोडलं' म्हण. तोवर आवळून धर."

पोरगा रडकुंडीला आला होता, पण गेला तो रीतसर पीठ सोपवूनच. मला तेव्हा तिचा राग आला होता, आणि मी तो बोलूनही दाखवला. ती म्हणाली, "नेल, तुझ्या पोराची चड्डी ओली झाली तर मी धुऊन देईन. पण त्यानं सोडून जायला शिकायचं ठरवलं, तर ते कोण धुणार?"

ऑक्टोबरात चर्चमागच्या अंगणात सफरचंदाचं लोणी व्हायचं. लोणी नुसतं नावाला, दुधाचा त्यात थेंब नाही. आदल्या दिवशी पोत्यांनी सफरचंदं सोलून चिरायची. उजाडता उजाडता तांब्याच्या कढईखाली जाळ करायचा, रस आणि फोडी घालायच्या आणि दिवस कलेपर्यंत ढवळत राहायचं. कढई एवढी की तिच्यात पोर बसवून आंघोळ घालावी. धग लागते म्हणून ढवळायचा दांडा माणसाहून लांब, आणि टोकाला भोकं पाडलेली फळी आडवी ठोकलेली. ती तळावरून सारखी फिरायला हवी. दोन वळसे कडेनं, एक मधून. जरा थांबलात की तळ लागतो, आणि एकदा तळ लागला की तो वास सगळ्या कढईला धरतो.

प्रत्येक पोराचा एक फेर असायचा. फेर बदलताना पुढच्यानं दांडा धरायचा, "धरला" म्हणायचं, आणि मगच आधीच्यानं "सोडला" म्हणून हात काढायचा. ऑर्फाचं त्यावर आणखी एक कलम होतं. नुसत्या आवाजावर दांडा सोडायचा नाही. पुढच्याचा हात आपल्या हाताला लागला पाहिजे.

त्यामागं एक गोष्ट होती, ती बर्ल सांगायचा. त्यांच्या लहानपणी एकदा त्यांची आई ढवळत होती आणि पुढचा फेर इरा नावाच्या शेजाऱ्याचा होता. धूर डोळ्यांत जात होता. पाठीमागून इरा म्हणाला, "धरला." आईनं दांडा सोडला आणि पदरानं पुसावे तसे एप्रनच्या टोकानं डोळे पुसले. बघते तर दांडा फिरतोय, पण दांड्याला माणूस नाही. इरा सकाळी खाणीत उतरला होता, फेराच्या वेळेला वर येतो असं सांगून. त्या दिवशी खाणीतून कुणीच वर आलं नाही. ऑर्फा तेव्हा लहान होती, आईच्या शेजारीच उभी होती, आणि तिनं तो दांडा फिरताना पाहिला.

आमच्या खोऱ्यातली म्हातारी माणसं म्हणतात, बोललेला फेर माणूस मेला तरी फिटत नाही, तो येऊन पुरा करतो. मी असल्या गोष्टी मानणारी नव्हते. खोऱ्यात फोन लागत नाही, करमणूक म्हणून लोक काहीबाही बोलतात, असं मी म्हणायची. ऑर्फा मात्र मानायची, आणि म्हणूनच पोरांकडून शब्द घेताना ती फार जपायची. एखादं पोर उत्साहात "पुढच्या वर्षी मी येणारच" म्हणालं की ती पटकन त्याच्या तोंडासमोर हात धरायची. "असं सहज बोलू नकोस. विचार कर, उद्या येऊन सांग." लोकांना वाटायचं, म्हातारी शिस्तीची आहे. ती खरं म्हणजे भ्यायची.

कोरीन तिची सगळ्यांत लाडकी. या पोरीला आई नव्हती, बाप आज इथं तर उद्या तिथं, त्यामुळं ती शाळेतून सुटली की ऑर्फाकडंच असायची. अकरा वर्षांची असताना ऑक्टोबरात जेवणानंतर तिचा फेर चालू होता आणि रस्त्यावर बापाच्या गाडीचा भोंगा वाजायला लागला. वाजतोय, वाजतोय, थांबायचं नाव नाही. बाप कसा होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. कोरीननं ऑर्फाकडं पाहिलं. ऑर्फानं दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जा." "माझा फेर राहू दे हं मावशी, मी येऊन पुरा करते," असं म्हणून पोरगी पळाली. बापानं गाडी जी हाकली ती थेट ओहायोला नेली. पोरगी परत आली नाही. पण त्यानंतर दर ऑक्टोबरात जेवण झालं की ऑर्फा तो फेर कुणाला द्यायची नाही. स्वतः ढवळायची. कुणी विचारलं तर सांगायची, "हा कोरीनचा आहे. मी नुसता सांभाळतेय."

आणि गेल्या उन्हाळ्यात कोरीन आली. लग्न मोडलं होतं, ओहायोतल्या कोलंबसच्या एका हॉस्पिटलात कपडे धुण्याच्या खात्यात नोकरी होती, आणि हाताशी हॅटी होती, तिची अकराएक वर्षांची मुलगी, शेलाटी, दात पुढं आलेली, बडबडी. दोघी ऑर्फाकडं राहिल्या. नाताळापर्यंत सामान आवरून कायमचं खोऱ्यात यायचं असं कोरीननं ठरवलं होतं. ऑर्फाला मी एवढं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. हॅटीनं पहिल्याच शनिवारी बिस्किटं करपवली आणि सगळी निमूट खाल्ली. ऑर्फा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "ही टिकणार बघ."

हॅटीचा आवाज अगदी आईचा होता. म्हणजे आईचा त्या वयातला. पोरीनं तळघरातून हाक मारली की ऑर्फा दचकायची. "डोळे मिटले की कोरीनच उभी असते गं," असं म्हणायची.

जायच्या दिवशी हॅटी गाडीत बसता बसता म्हणाली, "मावशी, ऑक्टोबरात माझा फेर ठेव. मी येणार."

ऑर्फानं गाडीच्या खिडकीवर हात ठेवला. "नक्की का? मोडायचं असेल तर आत्ताच गप्प बस."

"येणार म्हणजे येणार!"

"आणि माझा जुना राहिलाय त्याचं काय?" कोरीन हसत म्हणाली. "का दिलास कुणाला?"

"तुझा फेर कुणी खाल्लेला नाही. आहे तिथं आहे."

"मग जेवण झालं की आधी हिचा. मी इतकी वर्षं थांबले, आणखी थोडी थांबेन."

ऑर्फानं दोघींचे शब्द घेतले. या वेळी तिनं कुणाच्या तोंडासमोर हात धरला नाही.

लोण्याच्या आदल्या संध्याकाळी दोघी जेवायला पोचायच्या होत्या. आल्या नाहीत. झाकून ठेवलेली ताटं ऑर्फानं सकाळीही काढली नव्हती. सकाळी बर्ल पिकअप घेऊन वर कड्यापर्यंत गेला, तिथं फोन लागतो. परत आला तो खाली मान घालून. कोरीन आदल्या दुपारीच हॅटीला घेऊन निघाली होती. रस्त्यात पेट्रोल भरताना तिनं फोनही केला होता मैत्रिणीला. त्यानंतर कुणाला काही माहीत नव्हतं. शेरीफची माणसं घाट शोधायला निघाली होती.

"आज राहू द्यायचं का?" मी विचारलं.

"पोरं आलीत, फोडी चिरून ठेवल्यात," ऑर्फा म्हणाली. "आणि त्या दोघी येतो म्हणाल्यात. बर्ल, तू जा त्यांच्याबरोबर शोधायला. मी इथं आहे."

जाळ पेटला. धुकं इतकं खाली आलं होतं की चर्चचा कळस दिसत नव्हता. एरवी सूर्य वर आला की ते निघून जातं, त्या दिवशी ते कढईभोवतीच बसून राहिलं. पोरांनी आपापले फेर केले, दांडा दिला, घेतला. कुणी हसत नव्हतं, कारण सगळ्यांना हॅटी माहीत होती. जेवणाची वेळ झाली तशी पोरं तळघरात घेवडा आणि मक्याचा पाव खायला गेली. दांडा ऑर्फानं घेतला. मी लाकडं सारत होते.

जेवण होऊन बरण्यांचा खणखणाट ऐकू यायला लागला होता. पोरं खाली बरण्या धुवायला लागली होती. ऑर्फा स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली, "हॅटीचा फेर झाला सुरू." ती रस्त्याकडं बघत होती.

"धरला, मावशी."

आवाज तिच्या डाव्या खांद्यामागून आला, धुरातून, पोरीचा, स्वच्छ. मला आनंदच झाला. आली एकदाची कार्टी, म्हणून मी हातातलं लाकूड टाकून वळले. धूर होता, धुकं होतं, आणि ऑर्फाच्या पाठीमागं ओल्या गवताशिवाय काहीही नव्हतं.

ऑर्फाचे हात थांबले नाहीत. पण तिचा चेहरा मी पाहिला. इरा मेला त्या दिवशीची लहान मुलगी मला तिथं दिसली.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"वारा असेल."

"वारा मला मावशी म्हणतो होय गं?"

मी तिच्याजवळ जायला निघाले, तर ती ओरडली, "तिथंच थांब! दांडा जड झालाय. टोकाला कुणीतरी धरलाय." मग मान जराही न वळवता ती मागं बोलली, पोरांशी बोलायची तशी करड्या आवाजात. "नाही. असा मी देणार नाही. रस्त्यानं ये, पायानं चालत ये, मग देईन."

मी पोरांना वर येऊ दिलं नाही. तळघराच्या मागच्या दारानं एकेकाला घरी पाठवलं. दोन आया न्यायला आल्या, त्यांना काय सांगितलं ते आता आठवत नाही. परत आले तेव्हा ऑर्फा तशीच ढवळत होती, आणि मी जवळ पोचायच्या आत पुन्हा आवाज आला.

"धरला, मावशी."

"नाही."

"मावशी," मी म्हणाले, "जर पोरगी खरंच..."

"बोलू नकोस." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुरानं नाही. "दांडा दिला म्हणजे मी कबूल केलं. मी कबूल करत नाही. तिचा फेर राहिलाय तोवर तिला यावं लागेल, जिवंत यावं लागेल. मी सोडायची नाही, नेल. माझे हात तुटले तरी सोडायची नाही."

ती दुपार मी कशी काढली ते मलाच ठाऊक. तो आवाज रागावला असता, रडला असता, तर बरं झालं असतं. तो तसलं काही करत नव्हता. शिकवलं होतं तसंच करत होता. हाक मारायची, उत्तराची वाट बघायची, नाही म्हटलं की मुकाट थांबायचं, आणि जरा वेळानं पुन्हा तितक्याच शहाणपणानं म्हणायचं, धरला. ऑर्फा दर वेळी नाही म्हणायची. सुरुवातीला ती खडसावत होती, नंतर विनवायला लागली. "जा ना बाळा. घाटात जा, गाडीत जा, डोळे उघड. इथं येऊ नकोस." मी चर्चच्या पायरीवर बसून प्रार्थना म्हणायचा प्रयत्न केला. एकही ओळ शेवटापर्यंत आठवली नाही.

दिवस कलला तसं लोणी तयार झालं. मी बशीत थेंब टाकून पाहिला, भोवती पाणी सुटलं नाही, रंग गडद तपकिरी आला होता. साखर, दालचिनी, लवंग मीच घातली.

"झालंय, मावशी. उतरवायला हवं."

"उतरवायचं नाही. उतरवलं की फेर संपले."

"करपेल गं!"

"मग जाळ काढ. कढई तिथंच राहील."

मी लोखंडी फावड्यानं खालचा जाळ ओढून काढला, थोडे निखारे ठेवले. जवळ गेले तेव्हा तिचे हात पाहिले. तळव्यांची सालं निघाली होती, दांड्याला रक्त लागलं होतं. मला तिचा संताप आला, दया आली, आणि मला तिच्या जागी उभं राहायची छाती होत नव्हती याची शरमही वाटली. मी बोलले फक्त एवढंच, "पाणी पी." ती ढवळता ढवळता माझ्या हातानं पाणी प्यायली.

उजेड जायला लागला होता तेव्हा बर्लचा पिकअप आला. तो उतरला आणि कढईपासून चार पावलांवर थांबला. त्याचे गुडघे चिखलानं भरले होते.

"हॅटी जिवंत आहे," तो म्हणाला. "पाय मोडलाय, गारठलीय, पण बोलतेय. हॉस्पिटलात नेलंय."

ऑर्फानं डोळे मिटले. तिच्या तोंडून असा आवाज निघाला की मी तो पुन्हा कधी ऐकू नये. पण हात फिरतच होते. मी हसत होते आणि रडत होते. सगळं संपलं असं मला वाटलं.

"आणि कोरीन?" ऑर्फानं विचारलं.

बर्लनं टोपी काढली.

"घाटातल्या वळणाखाली गाडी लॉरेलच्या झुडपांच्या जाळीत घुसली होती. वरून दिसतच नव्हती. कोरीन दबली होती, तिला हलताच येत नव्हतं. डॉक्टर म्हणतो, उजाडायच्या सुमारालाच ती गेली. पण हॅटी तसं म्हणत नाही. ती म्हणते, थंडीनं तिला झोप येत होती आणि आई झोपू देत नव्हती. हॅटीचा हात हातात घेऊन तळव्यावर बोट फिरवत होती. दोन वळसे कडेनं, एक मधून. तोंडानं म्हणत होती, मावशीनं काय सांगितलंय, थांबलं की तळ लागतो. उजाडल्यावर आईचं बोलणं बंद झालं. बोट बंद झालं नाही, ऑर्फा. पोरगी शपथेवर सांगते. आम्ही पोचलो, मी आत वाकून तिचा हात धरला, तेव्हा म्हणे आईनं बोट थांबवलं."

"कधी पोचलात?"

"जेवणाची वेळ झाली होती. पुढं तिला वर काढायलाच एवढा वेळ गेला."

कढईतून फळी फिरण्याचा तेवढा आवाज येत होता. मी हिशेब करत होते आणि तो मला करायचा नव्हता. जेवणाच्या वेळेला हॅटीचा हात बर्लच्या हातात होता. ती जिवंत होती, माणसांत होती. मग जेवणानंतर इथं हाक मारणारी हॅटी नव्हती.

ऑर्फाला माझ्याआधी कळलं होतं.

"अकरा वर्षांची होती ती जाताना," ती म्हणाली. "आवाज तोच असणार ना. आणि मी तिला म्हणाले, रस्त्यानं ये. पोरगी आपल्या लेकराला दुसऱ्याच्या हातात देऊन मग इकडं आली. आयुष्यभर शिकवलं तिला, बोललीस तर ये, आणि ती आली, आणि दुपारपासून मी तिला हाकलतेय." ती मोठ्यानं रडायला लागली. ज्या बाईला त्या दिवसाआधी खोऱ्यातल्या कुणीच रडताना पाहिलं नव्हतं, ती लहान पोरासारखी रडली. हात मात्र फिरत राहिले.

मग तिनं खांद्यानं डोळे पुसले.

"कोरीन," ती म्हणाली, "बाळा, मावशी चुकली. ये. तुझा फेर आहे हा."

काहीच झालं नाही. धुकं होतं, निखारे होते. बर्ल माझ्याकडं बघत होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. ती गेली असेल, वाट बघून बघून गेली असेल, असं माझ्या मनात आलं, आणि त्या भीतीपुढं दुपारची भीती काहीच नव्हती.

"धरला, मावशी."

बर्लच्या हातातली टोपी खाली पडली. ऑर्फा थांबली. तिचं स्वतःचं कलम तिनं मोडलं नाही, ती हाताला हात लागायची वाट बघत राहिली. मग तिनं खाली आपल्या सोललेल्या बोटांकडं पाहिलं आणि हात लागल्यासारखी मान डोलावली.

"सोडला," ती म्हणाली.

बोटं आखडली होती, एकेक करून तिनं ती उघडली आणि मागं सरली. दांडा पडला नाही. तो फिरला. कडेनं, कडेनं, मधून. घाई नव्हती, चुकत नव्हता. फळी तळावरून घासत जाण्याचा तो नेहमीचा आवाज येत होता. लोण्याचा वास सुटला होता आणि त्यात करपलेलं काही नव्हतं.

आम्ही तिघं तसेच उभे होतो. एका पोराचा फेर जेवढा असतो तेवढा झाला. त्याहून जास्त झाला. दांडा फिरतच होता. मी ऑर्फाकडं पाहिलं. ती सोललेले हात छातीशी धरून उभी होती, ते हात आता कशालाच धरू शकत नव्हते.

"ही थांबत का नाही?" बर्ल कुजबुजला.

"कशी थांबेल?" ऑर्फा म्हणाली. "पुढचा हात आल्याशिवाय सोडायचं नाही असं मीच शिकवलंय तिला." ती माझ्याकडं वळली. "नेल, जा. किती वेळ उभं ठेवायचं पोरीला?"

मी गेले. दांडा धरला, आणि माझ्या हाताखाली एक लहान हात होता, धगीनं गरम झालेला, घामेजलेला.

"धरला," मी म्हणाले.

"सोडला," ती म्हणाली, आणि हात निघून गेला. मी ढवळत राहिले.